समुद्राने दिलेली भूमी

मुंबई हे मूळचे सात बेटांचे नगर. बेटांमधील उथळ समुद्र बुजवून माणसाने तेथे सलग भूमी निर्माण केली. या प्रयत्नांतील एक ठळक नाव म्हणजे नरिमन पॉइंट. मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाशी जेथे आज उंच कार्यालये उभी आहेत, तेथे पूर्वी समुद्राच्या लाटा खेळत असत.

समुद्रात भर घालण्याची रीत ऐकावयास सोपी आहे. प्रथम पाण्यात दगडांचा बांध घालावयाचा. मग आतील जागा गाळ, माती व दगड यांनी भरून काढावयाची. परंतु बांधात फटी राहिल्या, तर आत टाकलेला गाळ पाण्याबरोबर पुन्हा समुद्रात निघून जातो. १९२० च्या दशकात ब्रिटिश सरकारने बॅक बे येथे भरणीचे काम हाती घेतले, तेव्हा असेच घडले. लोकांचा पैसा पाण्यासारखा वाहू लागला. भूमी मात्र ठरल्याप्रमाणे वर येईना.

तेव्हा खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलांनी या कारभाराचा जाहीरपणे जाब विचारला. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. परकी सत्तेच्या अधिकाऱ्याशी झुंज घेणे सोपे नव्हते; पण नरिमन डगमगले नाहीत. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले.

स्वातंत्र्यानंतर भरणीचे काम पुन्हा जोमाने सुरू झाले. भरणीची माती मऊ असते, म्हणून उंच इमारतींचा भार खालच्या खडकावर टेकवावा लागतो. अशा भूमीवर १९७४ मध्ये एअर इंडियाची तेवीस मजली इमारत उभी राहिली. पेढ्या व कंपन्या यांची कार्यालये आली. जवळच १९८१ मध्ये विधानभवन झाले. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल वाढले आणि अनेक कार्यालये तिकडे गेली.

पावसाळ्यात आजही उधाणाच्या लाटा या किनाऱ्यावर आदळतात. त्यांचा जोर मोडावा म्हणून मरीन ड्राइव्हच्या कडेला काँक्रीटचे चौपायी ठोकळे रचलेले आहेत. भूमी मिळविली, तरी तिची राखण कधीच संपत नाही.

ज्यांनी भरणीतील उधळपट्टीवर बोट ठेवले, त्यांचेच नाव या भूमीला मिळाले. भक्कम बांधाइतकाच चोख हिशेबही नगराला आवश्यक असतो, याचे स्मरण ते नाव करून देते.