नमुना शोधावा कोठे?

कचेरीत नवे काम हाती घेताना कोऱ्या कागदापासून सहसा कोणी आरंभ करीत नाही. विहित नमुना घेतला जातो, रकाने भरले जातात आणि काम मार्गी लागते. ही प्रथा जुनीच आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर असलेले ‘मेस्तक’ पत्रलेखनाच्या रीतीच सांगते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी ग्वाल्हेरला स्थिरावली. तेथील मोडी कागदपत्रांतही मायन्याचे व समाप्तीचे साचे ठरलेले असत. आज त्याच शहरातील सिटी सेंटरसारख्या नव्या वस्तीत दप्तराची जागा संगणकाने घेतली असली, तरी नमुन्याची गरज संपलेली नाही.

संगणकाच्या आज्ञावली आता अनेक जण मिळून लिहितात. कोणी कोणता बदल केव्हा केला, याची नोंद ठेवणारी ‘गिट’ ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केली. तिच्या आधारे सहकार्याने काम करण्यासाठी युक्रेनमधील दिमित्री झापोरोझेत्स यांनी २०११ साली ‘गिटलॅब’ची सुरुवात केली. शासकीय आज्ञावलींचा मूळ मजकूर सहकार्यासाठी खुला करण्याचे धोरण केंद्र शासनानेही २०१५ साली जाहीर केले. त्यामुळे हा विषय केवळ तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही.

नमुने कोठे मिळतात?

गिटलॅबमध्ये ‘न्यू प्रोजेक्ट’ निवडल्यावर ‘क्रिएट फ्रॉम टेम्प्लेट’ हा पर्याय दिसतो. त्यात नमुन्यांचे तीन कप्पे असू शकतात. पहिला ‘बिल्ट-इन’, म्हणजे प्रणालीबरोबरच येणारे नमुने. साधे संकेतस्थळ किंवा भ्रमणध्वनीवरील उपयोजन यांचे आराखडे येथे मिळतात. दुसरा ‘इन्स्टन्स’, म्हणजे संपूर्ण संस्थेसाठी प्रशासकाने ठरविलेले नमुने. तिसरा ‘ग्रुप’, म्हणजे एखाद्या शाखेचे स्वतःचे नमुने. शेवटचे दोन कप्पे सशुल्क योजनेतच उपलब्ध असतात. ‘प्रिव्ह्यू’ने नमुना आधी पाहावा व पसंत पडल्यास ‘यूज टेम्प्लेट’ निवडावे.

नमुना दिसत नसेल तर

पुष्कळदा नमुना अस्तित्वात असूनही दिसत नाही. शाखेचे नमुने ज्या उपगटात ठेवावयाचे, तो उपगट शाखेच्या सेटिंग्जमध्ये नेमून द्यावा लागतो. प्रकल्प थेट त्या उपगटात असावा लागतो. त्याच्याही आतील उपगटात ठेवलेला प्रकल्प यादीत येत नाही. शिवाय पाहणाऱ्यास त्या प्रकल्पात प्रवेशाचा अधिकार असणे आवश्यक असते. या तीन बाबी क्रमाने तपासल्यास अडचण बहुधा दूर होते.

दक्षता

नमुना न सापडल्यास कर्मचारी एखादा जुना प्रकल्प उचलून त्याची नक्कल करतात. त्यात जुने गुप्त परवलीचे शब्द, प्रसंगी नागरिकांची माहितीही नव्या ठिकाणी जाते. रेशनकार्ड किंवा विद्यार्थ्यांच्या नोंदी अशा मार्गाने उघड झाल्या, तर नुकसान ग्रामस्थाचेच होते. म्हणून नमुन्यात खरी माहिती कधीही ठेवू नये. तसेच नमुन्यापासून केलेला प्रकल्प ही स्वतंत्र प्रत असते. मूळ नमुन्यातील पुढील दुरुस्त्या तीत आपोआप उतरत नाहीत. त्या वेगळ्या कराव्या लागतात.

निर्दोष नमुना एकदा तयार करून तो सर्वांना सापडेल अशा जागी ठेवणे, हा वेळेची बचत व नागरिकांच्या माहितीचे रक्षण या दोहोंचा सोपा मार्ग होय.