कोडिंग एजंटसाठीच्या सूचनांचे मूल्यमापन : उज्जैनच्या घड्याळाच्या संदर्भात

प्रास्ताविक

प्रोग्राम लिहून, चालवून आणि दुरुस्त करून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीस 'कोडिंग एजंट' म्हणतात. त्याला काम रोजच्या भाषेत सांगता येते. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकात प्रोग्रामबरोबर सूचनाही तपासण्याची जबाबदारी शिक्षकांवर आली आहे. चांगली सूचना कशी ओळखावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक सूचना, तीन उत्तरे

उज्जैनमधील टावर चौक घड्याळाच्या मनोऱ्यामुळे ओळखला जातो. समजा, एका विद्यार्थ्याने एजंटला लिहिले, 'टावर चौकातील फलकासाठी उज्जैनची वेळ दाखवणारे घड्याळ तयार कर.' वाक्य शुद्ध व सुबोध आहे. परंतु 'उज्जैनची वेळ' म्हणजे कोणती? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. उज्जैन सुमारे ७५.८ अंशांवर असल्याने तेथील स्थानिक वेळ सुमारे २७ मिनिटे मागे आहे. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये याच शहरात उद्घाटन झालेले वैदिक घड्याळ एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ ३० मुहूर्तांत मोजते. एजंट यांपैकी एक अर्थ गृहीत धरून काम पूर्ण करील. प्रोग्राम बिनचूक चालेल, तरी उत्तर चुकीचे ठरू शकेल.

दोष कोणाचा?

एजंटांची क्षमता मोजण्यासाठी २०२३ मध्ये 'एसडब्ल्यूई-बेंच' हा प्रश्नसंच तयार झाला. त्यात १२ पायथन प्रकल्पांतील २,२९४ प्रत्यक्ष समस्या होत्या. २०२४ मध्ये ओपनएआय कंपनीने त्यांपैकी १,६९९ समस्या ९३ प्रोग्रामरांकडून तपासून घेतल्या. ३८.३ टक्के समस्यांचे कथन अपुरे आढळले, तर ६१.१ टक्के समस्यांच्या चाचण्या योग्य उत्तरही नाकारू शकतील अशा होत्या. अखेर ५०० समस्यांचा निवडक संच प्रसिद्ध झाला. म्हणजे एजंटच्या नावावर जमा झालेल्या अपयशाचा काही भाग मुळात प्रश्नकर्त्याचा होता.

मूल्यमापनाचे निकष

१. एकार्थता : सूचना दोन सहकाऱ्यांना स्वतंत्रपणे द्यावी. प्रमाणवेळेनुसार दुपारचे १२ वाजले असता फलकावर काय दिसेल, हे दोघांनी लिहावे. उत्तरे भिन्न आल्यास सूचना अपुरी समजावी.

२. पडताळणी : काम पूर्ण झाल्याची खूण सूचनेतच असावी. 'स्थानिक वेळ दाखव. प्रमाणवेळ १२ असता सुमारे ११ वाजून ३३ मिनिटे दिसावीत' ही सूचना तपासता येते.

३. चाचणीची न्याय्यता : सूचनेत न सांगितलेली अट चाचणीत नसावी. २४ तासांची पद्धत मागितली नसेल, तर १२ तासांच्या पद्धतीचे घड्याळ नापास करू नये.

४. आवश्यकता : एकेक वाक्य वगळून एजंटकडून काम अनेकदा करून घ्यावे. परिणामात फरक पडत नसेल, तर ते वाक्य बहुधा निरुपयोगी असते. लांबी म्हणजे गुणवत्ता नव्हे.

समारोप

लिपी जाणणाऱ्यांना हा धडा उज्जैनच्याच नावात सापडतो. मध्ययुगीन अरबी ज्योतिषग्रंथांत हे नाव 'उज़ैन' असे लिहिले जाई. नक्कल करताना 'ज़े'वरील नुक्ता सुटला, 'रे' उरला आणि 'अरीन' हे नाव रूढ झाले. पुढे लॅटिन ग्रंथांतही तेच गेले. वाचणाऱ्याने समोर होते तेच वाचले. उणीव लेखनात होती. म्हणून विद्यार्थ्याचे गुण कापण्यापूर्वी शिक्षकाने आपल्या प्रश्नपत्रिकेतील सूचनाही याच चार निकषांवर तपासून पाहाव्यात.