जुन्या लोडरचे कचरा दाबणारे यंत्र होईल का?

वसाहतीच्या कचऱ्याचा खड्डा बघता बघता भरतो. "भंगारात लोडर पडलाय, त्याचंच दाबयंत्र का करत नाही?" असे पुष्कळजण आम्हाला विचारतात. होते, पण आधी हिशेब समजून घेऊ.

साखळीचा डोझर कचरा छान ढकलतो, पण नीट दाबत नाही. त्याचे वजन रुंद पट्ट्यावर पसरते. दाबायचे तर वजन थोड्या जागेवर यावे लागते. धरणाच्या मातीवर फिरणारा शीपफूट रोलर आठवा. म्हणून लोडरचे रबरी टायर काढून दात्यांची पोलादी चाके बसवतात. थर १ ते २ फुटांचाच घ्यावा आणि त्यावर ३-४ फेऱ्या माराव्यात. थर जाड झाला की तळ पोकळच राहतो.

खरी मेख पुढे आहे. टायर धक्का गिळतो, पोलाद गिळत नाही. तो धक्का ॲक्सल आणि गिअरवर येतो. जुन्या साड्या, सुतळी, तारा चाकाशी गुंडाळून ऑइल सील फाडतात. तिथे पत्र्याचे संरक्षण हवे, दात्यांना स्क्रॅपर हवा. रेडिएटरपाशी साचलेला कचरा रोज काढावा, नाहीतर आग लागते. यंत्र उतारावर उलटू शकते, म्हणून चालकाच्या डोक्यावर मजबूत छत हवेच.

ॲक्सल झिजला असेल तर भंगार ते भंगारच. त्यावर सभासदांचा पैसा घालू नये. आणि ओला कचरा दाबायचाच कशाला? तो वेगळा काढून प्रेसमडबरोबर कुजवावा. उसाचे खत खड्ड्यात पुरू नये.