तबकडी गेली, कमिशन राहिले

मालाचे पैसे हाती येईपर्यंत जीव टांगणीला लागतो, हे आमच्या यंत्रमागवाल्या बांधवांना सांगायला नको. इंग्लंड-अमेरिकेतील लहान, स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपन्यांचे (धंद्यात त्यांना 'लेबल' म्हणतात) दुखणे वर्षानुवर्षे हेच होते. तबकड्या स्वखर्चाने काढायच्या, घाऊक वितरकाच्या गोदामात ठेवायच्या. खपल्या तर महिन्यांनी पैसे, न खपल्या तर माल परत. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००८ मध्ये पिनॅकल ही वितरण कंपनी बुडाली, तेव्हा सुमारे ४०० लेबलांचा माल तिच्यामार्फत जात होता. तोही ऐन नाताळच्या हंगामात!

अमेरिकेत डेरेक सिव्हर्स या वादकाने १९९८ मध्ये इंटरनेटवर 'सीडी बेबी' हे दुकान काढले. आधी स्वतःची सीडी विकली, मग मित्रांच्या. हिशेब सरळ होता. किंमत कलावंताने ठरवायची, नगामागे ४ डॉलर दुकानाचे, बाकी रक्कम दर आठवड्याला कलावंताच्या हाती. असा वक्तशीर आडत्या कोणाला नको? २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्सचे दुकान उघडले, गाणे ९९ सेंटला. सीडी बेबी आपल्या कलावंतांची गाणी ९ टक्के कमिशनवर तेथे पोचवू लागली. गोदाम नाही, वाहतूक नाही, परत माल नाही. एकट्या गायकाचे गाणे बड्या कंपनीच्या गाण्याशेजारी, त्याच भावात.

पुढे वर्गणी घेऊन गाणी ऐकविण्याची पद्धत आली आणि नगाचा भावच संपला. जमलेली रक्कम ऐकण्याच्या प्रमाणात वाटली जाते. स्पॉटिफायने तर २०२४ पासून नियम केला, की १२ महिन्यांत १००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच द्यायचे नाही. ते पैसे इतरांत वाटायचे. पूर्वी दहा सीडी विकणाऱ्याला निदान दहांचे पैसे मिळत. आम्हाला हा नियम न्यायाचा वाटत नाही.

त्यामुळे अनेक लेबले २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पवरही माल ठेवतात. तेथे कमिशन डिजिटल गाण्यांवर १५ टक्के, तबकड्या-सदऱ्यांवर १० टक्के. मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाचा ईमेल पत्ता विकणाऱ्याला मिळतो. आमच्या मते कमिशनपेक्षा हा पत्ता मोलाचा. ही पेठही २०२२ आणि २०२३ मध्ये दोनदा विकली गेली, आणि दुसऱ्या खेपेला निम्मे कर्मचारी घरी गेले. सीडी बेबीनेही आपले किरकोळ दुकान २०२० मध्ये बंद केले. पत्त्यांची यादी उतरवून ठेवलेले लेबल मात्र पुढची तबकडी निघाली की गिऱ्हाइकांना थेट कळवू शकते.