पोकळ भिंतीचें भगदाड

क्रांती चौकाच्या आसपास नव्या इमारतींत बिऱ्हाड करणाऱ्या कित्येक मंडळींना हा अनुभव आला असेल. कपाट हलवितांना त्याचा कोपरा भिंतीला लागतो, आणि जिला आपण भक्कम समजत होतों त्या भिंतीला ताटाएवढें भगदाड पडतें. आंत वीट नाहीं, माती नाहीं, नुसती पोकळी! "गुलमंडीच्या वाड्यांत असें कधीं झालें नाहीं," असें घरांतील वडील माणसें म्हणतात, व तें खोटें नसतें.

ही भिंत म्हणजे पत्र्याच्या चौकटीवर दोन्ही बाजूंनीं बसविलेले जिप्समचे तक्ते होत. मध्यें जिप्सम व दोन्ही अंगांस चिकट बसलेला जाड कागद, अशी त्यांची घडण. ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकन गृहस्थानें १८९४ सालीं अशा तक्त्याच्या मूळ रूपाचें पेटंट घेतलें. त्यांतील जिप्सम ठिसूळ. वांकण्या-ताणण्यास टिकण्याचें बळ मुख्यतः कागदाचें.

कागद फाटला कीं तें बळ गेलें. म्हणूनच वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून प्लॅस्टर थापण्याची जी युक्ति सर्रास केली जाते, ती फसते. ओल्या प्लॅस्टरचा भार पेलण्यास मागें कांहींच नसतें. तें वाळतांना कडेनें सुटतें, आणि दार जरा जोरानें आपटलें कीं सगळा गोळा आंत पडतो. खिळ्याचें भोक लांबीनें बुजेल, भगदाड बुजणार नाहीं. त्याला पाठ हवी.

कामास लागण्यापूर्वीं घराचा वीजप्रवाह मुख्य खटक्यापाशीं बंद करावा, आणि विजेरी घेऊन भोकांतून आंत पाहावें. या पोकळींतूनच विजेच्या तारा व पाण्याचे नळ नेलेले असतात. न पाहतां करवत चालविणें म्हणजे जिवाशीं खेळ.

मग, गृहिणीला कितीही नको वाटलें तरी, भोक मोठें करावें! चिरा गेलेला व फाटलेला भाग टाकून, निकोप तक्ता लागेपर्यंत सरळ कडांचा चौकोन कापावा. भोकाच्या उंचीहून सहा इंच लांब अशा दोन लांकडी पट्ट्या तिरप्या करून आंत सराव्या, आणि दोन्ही उभ्या कडांच्या मागें, निम्मी रुंदी भोकांत दिसेल अशा धरून, जुन्या तक्त्यांतून स्क्रूनें आवळाव्या. त्याच जाडीच्या नव्या तक्त्याचा, चौकोनाहून किंचित् लहान तुकडा त्यांवर बसवावा. स्क्रूचें डोकें पृष्ठभागाच्या जरा आंत जावें, पण कागद फाटूं नये; येथें पुष्कळांचा हात घाई करतो.

सांध्यांवर जोडकामाचा लेप देऊन त्यांत कागदी पट्टी दाबावी. तो वाळल्यावर दुसरा, मग तिसरा लेप; प्रत्येक मागच्याहून रुंद, आणि पातळ. उन्हाळ्यांत एका लेपास एक दिवस पुरतो. श्रावणांत धीर धरावा. शेवटीं पॉलिश पेपरनें हलकेंच घासावें, नाकातोंडाला फडकें बांधून.

भगदाड धक्क्यानें न पडतां ओलीनें पडलें असेल, तर मात्र आधीं गळती शोधावी. भिजलेलें जिप्सम मऊ पडतें. तें बदलावेंच लागतें.

आतां गुलमंडीच्या वाड्याविषयीं. तेथील चुन्याच्या भिंतीला यांतलें कांहींच लागू नाहीं. या शहराला चुना परका नाहीं. १६६० च्या सुमारास उभा राहिलेल्या बीबी का मकबऱ्याचा घुमट संगमरवराचा असला, तरी भिंतींचा बराचसा भाग काळ्या दगडाचा असून त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा आहे. असा गिलावा निखळला तर सिमेंट फासूं नये. भिंतींत चढलेली ओल चुन्यांतून बाहेर निघून जाते. सिमेंट ती अडवितें, आणि शेजारचा चांगला गिलावाही सुटूं लागतो. तेथें चुनाच वापरावा. हवेंतला कार्बन डायॉक्साइड घेऊन तो सावकाश घट्ट होतो, तेव्हां रंगाऱ्याला महिनाभर तरी दाराबाहेर ठेवावें.