पोलादाच्या जागी हवा

१९५८च्या शेव्हरोलेला जादा पैसे मोजून ‘लेव्हल एअर’ नावाची सोय घेता येत असे. चारही चाकांवर पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे आणि त्यांना हवा पुरवायला इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर. गाडीत कितीही माणसं बसली तरी तिची उंची ढळू नये, हा हेतू. प्रत्यक्षात सांध्यांतून हवा गळे आणि रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी जमिनीला टेकलेली सापडे. अनेक मालकांनी पुन्हा पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअमच्या वाट्यालाही हेच आलं.

कल्पना मात्र खोटी नव्हती. १९५४ची ग्रेहाउंडची ‘सीनिक्रूझर’ बस हवेवरच धावली आणि मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना व्हॉल्वो बसमधला तो संथ हेलकावा आज चांगला ओळखीचा आहे. कमी पडले ते मोटारीतले सांधे आणि झडपा. म्हणूनच त्याच पिढीच्या गाड्यांत अमेरिकेतले शौकीन आता पुन्हा हवा बसवतात, तेव्हा तो नुसता दिखाऊपणा वाटत नाही.

खरी कसोटी लागते पुढच्या चाकांपाशी. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत सस्पेन्शनचा खालचा आर्म आणि चॅसी यांच्यामध्ये दाबलेली कॉइल स्प्रिंग असते आणि तिच्या पोटातून शॉक अब्जॉर्बर जातो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी ठरते, म्हणून ती साखळीने बांधून, आर्म जॅकवर तोलून हळूहळू सैल करावी लागते. तिच्या जागी साधी एअर बॅग, म्हणजे हवेचा फुगा, आली की शॉकला वाट उरत नाही. त्याच्यासाठी बाजूला नवे ब्रॅकेट लावावे लागतात. शॉक गाळून काम उरकणारे भेटतात. तशी गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर उसळत राहते.

बॅग पूर्ण फुगलेली असताना आणि पूर्ण बसलेली असताना कुठेही धातूला घासता कामा नये. घासलं की भोक पडणारच. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो का, टायर अडतो का, हेही पाहायचं. गाडी खाली-वर झाली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलतो. त्यामुळे रोज ज्या उंचीवर गाडी चालणार, त्याच उंचीवर अलाइनमेंट करायचं. आणि डाव्या-उजव्या बॅगांना हवेचे पाइप वेगळे हवेत. दोन्ही एकाच पाइपाला जोडल्या, तर वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी अधिकच कलते.

उंची हवी तशी बदलण्याच्या हौसेला कायद्यानेही हातभार लावला. चाकाच्या रिमच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नको, असा कॅलिफोर्नियाचा नियम १९५८मध्ये लागू झाला. त्यावर तोड म्हणून रॉन अगिरे यांनी १९५९मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक यंत्रणा लावली: तेलाच्या दाबाने गाडी हवी तेव्हा उचलायची, हवी तेव्हा खाली बसवायची. हवेची यंत्रणा आज तेच काम करते. तो नियम १ जानेवारी २०२४पासून उठला.

भारतात हिशेब निराळा आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची, तर तिच्या चॅसीत मोठा फेरफार झालेला चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर आधीच बंधन घालतं. इथल्या मालकाने चॅसीला कटर लावण्याआधी आरटीओत चौकशी करावी आणि मूळ स्प्रिंगा भंगारात न देता जपून ठेवाव्यात.