विश्रांतीला अडीच लाख डॉलर दंड

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला सामना ४८ मिनिटांचा. १९६१-६२च्या हंगामात फिलाडेल्फिया वॉरियर्सचा विल्ट चेंबरलेन मात्र दर सामन्याला सरासरी ४८.५ मिनिटे खेळला! हिशेब बरोबर आहे. बरोबरीत सुटलेले काही सामने जादा वेळेत गेले आणि ८० सामन्यांच्या त्या हंगामात तो जेमतेम आठ-साडेआठ मिनिटे मैदानाबाहेर होता, तीही पंचांनी बाहेर काढले म्हणून. हा विक्रम आता मोडणे नाही. आजचा कोणताही प्रशिक्षक आपल्या खेळाडूला असे राबू देणार नाही.

लीगमध्ये आज ३० संघ आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येकाचे ८२ सामने, म्हणजे एकूण १,२३०. ते बसवायचे कुठे? न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर आइस हॉकीचाही तितकाच हक्क. सॅन अँटोनिओत दर फेब्रुवारीत घोड्या-बैलांच्या खेळांचा रोडिओ भरतो, तेव्हा तिथला स्पर्स संघ कितीतरी दिवस परगावीच फिरतो. शिकागोच्या बुल्सना तर वर्षानुवर्षे सर्कससाठी घरचे मैदान सोडावे लागे. अशा अडचणींतून वाट काढताना लागोपाठच्या दोन रात्री दोन शहरांत सामने येतात. रात्री उशिरा खेळ संपतो, विमान मध्यरात्रीनंतर उतरते आणि झोपेचे खोबरे होते. उडी मारून खाली येताना गुडघ्या-घोट्यांवर वजनाच्या कित्येक पट भार पडतो. थकलेले स्नायू तो नीट पेलत नाहीत.

२९ नोव्हेंबर २०१२ रोजी स्पर्सचा मायामीत सामना होता, पाच रात्रींतला चौथा. प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना सामन्याआधीच घरी पाठवले. डंकन तेव्हा ३६ वर्षांचा होता. उरलेल्यांनी कडवी झुंज देऊन सामना अवघ्या पाच गुणांनी, १००-१०५ असा गमावला. तरी आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी संघाला अडीच लाख डॉलर दंड ठोठावला.

पोपोविच बधले नाहीत. २०१३-१४च्या हंगामात स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत पोहोचली नाही. त्या संघाने लीगमध्ये सर्वाधिक ६२ सामने जिंकले आणि अंतिम फेरीत त्याच मायामीला हरवून विजेतेपद पटकावले. माझ्या मते विश्रांतीच्या बाजूने याहून भक्कम पुरावा नाही. पुढे २०१८-१९मध्ये टोरंटोचा कवाय लेनर्ड साखळीतले ६० सामनेच खेळला आणि संघाने पहिले विजेतेपद मिळवले.

प्रेक्षकाची तक्रारही खरी आहे. आवडता खेळाडू आपल्या गावी वर्षातून एकदाच येणार, त्यासाठी महागडे तिकीट काढावे आणि तो साध्या कपड्यांत बाकावर बसलेला दिसावा, हे सोसणे कठीण. लीगने २०१७मध्ये हंगाम आठवडाभर आधी सुरू करून पाच रात्रींत चार सामने बंद केले. २०२३पासून मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट आली. ही अट मला उफराटी वाटते, कारण ती थकव्याचे ओझे खेळाडूच्याच खांद्यावर टाकते. सामने कमी करणे हा सरळ उपाय. पण सामने घटले की तिकिटांचे आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न घटते, आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा खेळाडूंचाच असतो. म्हणून १९६७-६८पासून चालत आलेला ८२चा आकडा आजवर फक्त मालक-खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीने आणि कोरोनाच्या साथीने खाली आणला आहे.